मागचा फळा

युनिव्हर्सिटीतली दोन-तीन जुनी माणसं अजून जिवंत आहेत. बाजारात कुठे भेटली की हसतात आणि विचारतात, "काय दिगंबर, फळा पुसलास की नाही?" मीही हसतो. तीस वर्षं हसत आलो. गणिताच्या सभेत शैलाचं व्याख्यान होतं, तिनं तासभर राबून लिहिलेला फळा मी पुसून टाकला, आणि सवयीनं हात गेला असं सांगितलं. सगळ्यांनी ते खरं मानलं, कारण फळा पुसणं हीच माझी नोकरी होती. पण हात सवयीनं गेला नव्हता. मी तो फळा जाणूनबुजून पुसला. शैला जाऊन आता सात महिने झाले. हे जिला सांगायला पाहिजे होतं तीच राहिली नाही, म्हणून वहीला सांगतोय. मी दहावी नापास माणूस, वेलांट्या चुकतील. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही लिहा, मी नीट करून देईन." आता आईबद्दलचं हे वाचून तिला माझा राग आला तर येऊ दे. यायलाच पाहिजे.

आमचं घर रावपुऱ्यामागच्या गल्लीत, दोन खोल्यांचं. आजोबा संस्थानच्या पलटणीत होते, एवढंच त्या पलटणीचं आमच्याकडे उरलं होतं. बाबा कोयलीला रिफायनरीत पाळीवर जायचे. त्यांची सायकल स्टँडवरून खाली उतरली की खट्‌ असा आवाज व्हायचा आणि तीच आमची पहाट. मग आईचा स्टोव्ह, मग भाकरी थापल्याचा आवाज, मग समोरच्या घरातला टीव्ही. मी फळा पुसला त्या वर्षी गल्लीत पहिल्यांदाच केबल आली होती. समोरची मंडळी सकाळी सातलाच असला काही धिंगाणा लावायची की आई म्हणायची, "यांच्याकडे रोज लग्न आहे काय?" आईचं मराठी घरातलं, पण भाजीवालीशी भांडताना ती पूर्ण गुजराती व्हायची आणि भांडण संपलं की दारातच मराठीत पुटपुटत परत यायची. आमटीत गूळ जरा जास्तच पडायचा. माहेरचे पाहुणे नाक मुरडायचे, पण आम्हाला तीच आमटी माहीत होती.

शैला माझ्या मामाची मुलगी. मामा सावलीला राहायचा, थोडी शेती आणि खताचं दुकान. सावलीत पुढचं कॉलेज नव्हतं म्हणून बारावीनंतर तो तिला आमच्याकडे सोडून गेला. आमच्यात मामाची मुलगी करतात. तेव्हा ती ट्रंक घेऊन आली त्याच दिवशी गल्लीतल्या बायकांनी आमचं लग्न ठरवून टाकलं होतं. कुणी तसं तोंडानं बोललं नाही, पण आई भांडी घेताना दोन मोठी पातेली बाजूला ठेवायला लागली, त्यावरून समजायचं. मी तिच्याहून चार वर्षांनी मोठा, तरी ती मला "दिगू" म्हणायची, "अरे-तुरे" करायची. लग्नानंतर एका रात्रीत त्या "दिगू"चं "अहो" झालं. मला ते कधी फारसं आवडलं नाही, पण ती ऐकायची नाही.

पाच वर्षं ती आमच्या घरात शिकली. बी.एस्सी. झाली, एम.एस्सी.ला गेली. विषय गणित. त्यातही ती जे शिकायची ते मला आकड्यांचं वाटायचंच नाही, सगळी भांडणंच वाटायची. एखादं वाक्य खरं कधी आणि खोटं कधी, यावर ती दिवस घालवायची. आई वैतागून म्हणाली, "आज सगळ्या भाकऱ्या करपल्या," की ही डब्यात बघून म्हणायची, "आत्या, ही एक नाही करपली. म्हणजे तुमचं वाक्य खोटं." एकदा मी उशिरा आलो. डबा रिकामा होता. शैला गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "डब्यातल्या सगळ्या भाकऱ्या गरम आहेत."

"डब्यात भाकरीच नाहीये," मी म्हणालो.

"म्हणूनच तर. एक तरी गार भाकरी दाखव ना मला. नाही ना? मग सगळ्या गरम."

आई आतून ओरडली, "मग खा म्हणावं त्याला गरम-गरम!"

आम्ही तिघंही हसलो, मग आईनं पुन्हा पीठ मळलं. आता माझ्या घरात तो डबा रोजच रिकामा असतो, मी बाहेरून डबा मागवतो. त्या वाक्याची आठवण आली की जेवण जात नाही.

ती एम.एस्सी.ला गेली त्याच सुमाराला मला तिच्याच विभागात रोजंदारीवर पटावाळ्याचं काम मिळालं. पटावाळा म्हणजे शिपाई. मला त्याची लाज वाटायची, तिला नाही. "माझा भाऊ लागतो," असं ती मैत्रिणींना सांगायची आणि मला ते वेगळ्याच कारणानं झोंबायचं. काम साधं. खडू आणायचे, पाण्याचे माठ भरायचे, फळे पुसायचे. पण गणिताच्या लोकांना फळा म्हणजे देवघर. मोठ्या साहेबांनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, पहिल्याच दिवशी मला शिकवलं होतं: दिवसा फळा कोरड्या डस्टरनंच पुसायचा, ओलं फडकं संध्याकाळी, शेवटचा तास झाल्यावर. ओल्या फळ्यावर खडू उठत नाही. आणि कोरडं पुसलं की अक्षरांची पांढरट सावली मागं राहते, ती कुणालातरी उपयोगी पडते. माझ्याबरोबर रमणकाका होते, जुने, निवृत्तीला आलेले. त्यांनी मला फडकं पिळायला शिकवलं, म्हणजे पाण्याचे ओघळ पडत नाहीत.

त्या मार्च महिन्यात विभागात एका दुपारपुरती सभा ठरली. विषय संचांचा आणि तर्काचा. मद्रासहून एक मोठे सर येणार होते. विभागातले दोघं बोलणार, मग चहा, चहानंतर विद्यार्थ्यांतर्फे शैला वीस मिनिटं. मोठ्या साहेबांनी तिला बोलावून सांगितलं की मद्रासच्या सरांकडे संशोधनाची एक जागा आहे, ते तुला ऐकायलाच येताहेत असं समज. हे तिनं घरी येऊन सांगितलं आणि पेलाभर पाणी उभ्यानंच प्यायली.

आठवडाभर तिनं घरात त्या व्याख्यानाचा सराव केला. तिला इंग्रजीत उभं राहून बोलायची भीती. मराठीत मात्र ती मला धरून बसवायची. एका संध्याकाळी तिनं दारातल्या सगळ्या चपला आत आणून ओळीनं मांडल्या आणि आईच्या बांगड्यांचा डबा त्यांच्या शेजारी उपडा केला.

"चपला स्वयंपाकघरात?" आई किंचाळली.

"धुतल्यात, आत्या. दिगू, ह्या चपलांच्या प्रत्येक जोडीतून एकेक निवड."

मी डाव्या-डाव्या काढल्या.

"बरोबर. आता समज जोड्या संपतच नाहीत. एकामागून एक, कधीच नाही."

"मग जन्मभर काढत बसायचं."

"जन्म पुरत नाही. म्हणून नियम सांगायचा. 'डावी' म्हटलंस की एका शब्दात सगळ्या निवडून झाल्या. आता बांगड्यांच्या जोड्यांतून निवड."

"कुठलीही एक."

"कुठलीही म्हणजे कुठली? दोन्ही सारख्या. बांगडीला डावी-उजवी असते काय? नियम सांग."

मला सांगता येईना. आई पोळपाट सोडून बघायला लागली. शैला म्हणाली, "नाहीच सांगता येत. तरी निवड करता येते असं मानून पुढं जायचं. त्यालाच निवडीचं गृहीतक म्हणतात. माझं व्याख्यान ह्याच्यावर आहे."

"एवढ्यासाठी मद्रासहून माणूस येतोय?" आई म्हणाली. "मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, जी हाताला येईल ती!"

मी तेव्हा हसलो. पण त्याच रविवारी मामा सावलीहून बसनं आला आणि हसण्याचं राहिलं नाही. तो ओट्यावर बसून बशीत चहा ओतता ओतता म्हणाला, "रस्त्यारस्त्यावर कॉम्प्युटरचे क्लास निघालेत. तिथं गेली असती तर नोकरी तरी लागली असती. हे फळ्यावरचं कुणाला पाहिजे? आणि मद्रासला गेली तर पाच वर्षं. तोवर दिगूनं काय माशा मारायच्या?" आईनं पुन्हा चहाचं आधण ठेवलं. बाबा पाळीवर. शैला म्हणाली, "आधी बोलावू तरी दे त्यांना, बाबा. मग बघू." मामानं माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

मामा गेल्यावर ती मोरीत भांडी घासत होती. मी जवळ जाऊन विचारलं, "गेलीस तर परत येशील?"

"येणार नाही असं म्हटलं नाही."

"म्हणजे येणार?"

"तसंही म्हटलं नाही," ती म्हणाली. राख लागलेल्या मनगटानं तिनं केस मागं सारले. चेष्टा नव्हती ती. जे तिला ठाऊक नव्हतं ते ती बोलत नव्हती, एवढंच. दुसऱ्या कुणी मुलीनं मन राखायला "येईन रे" म्हटलं असतं. मी ते चार दिवस चघळत बसलो.

सभेच्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा ती हॉलमध्ये आली. त्या हॉलमध्ये दोन फळे होते, एकापुढे एक, दोरीवर सरकणारे. पुढचा वर ढकलला की मागचा दिसतो. ती म्हणाली, "दिगू, मला सगळ्यांसमोर लिहिताना सुधरत नाही. मी सिद्धता आत्ताच मागच्या फळ्यावर लिहून ठेवते. नंतर नुसतं बोट ठेवून वाचीन." ती तासभर लिहीत होती. स्टुलावर चढून वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली आणि खाली वाकून संपवलं. मी तिला खडू देत होतो. मला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण इतका सुंदर भरलेला फळा मी आजवर पाहिलेला नाही. शेवटी तिनं पुढचा फळा खाली ओढून तो झाकला, खडूचे हात झटकले आणि म्हणाली, "मागचा पुसू नको हं." मी मान हलवली. मान हलवली हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

पहिली दोन व्याख्यानं झाली. पंखे घरघरत होते, पुढच्या रांगेत मद्रासचे सर पांढऱ्या शर्टात, डोळे मिटून ऐकत होते. मी दारात उभा. चहाची वेळ झाली, माणसं व्हरांड्यात आली, हिरवा चिवडा आणि भाकरवडी मांडली होती. रमणकाका किटली घेऊन माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "अल्या, आ लोको शून्यनी वात करे छे, पण चा तो आखी पीए छे!" शून्याच्या गप्पा मारतात, पण कप मात्र भरून पितात. मी हसलो. तेवढ्यात मद्रासच्या सरांना मोठे साहेब हळूच सांगताना मी ऐकलं. इंग्रजी मला येत नव्हतं, पण शैलाचं नाव आणि "मद्रास" हे दोन शब्द एका वाक्यात आले आणि दोघं माना डोलावून हसले. शैला खांबाशी चहा न पिता उभी होती. तिच्या हातात आईच्या बांगड्या होत्या, दाखवायला म्हणून घातलेल्या.

मी आत गेलो. चहाच्या वेळी पुढचा फळा पुसायचा, ते माझं कामच. तो पुसला. मग तो वर ढकलला.

त्यानंतरचं मी पुढं लिहीन. आधी लोकांनी काय पाहिलं ते सांगतो. सगळे परत येऊन बसले. मोठ्या साहेबांनी शैलाचं नाव घेतलं. ती फळ्यापाशी गेली, नमस्कार केला, पुढचा फळा वर ढकलला. मागचा काळाभोर होता. कुणाला काही कळलं नाही. ती पाठमोरी उभी राहिली. मग तिनं पंजा फळ्यावर टेकला, आपण तापलेल्या माणसाच्या कपाळावर टेकतो तसा. तो पंजा तिनं वळवून पाहिला आणि मग दाराकडे, माझ्याकडे पाहिलं.

मोठे साहेब उठले. "दिगंबर! तें पाटियुं साफ कर्युं?" फळा तू पुसलास का, म्हणून.

"साहेब, सवयीनं हात गेला," मी म्हणालो.

आणि शैला म्हणाली, "सर, चूक माझी आहे. मी त्याला पुसू नको म्हणून सांगायला विसरले."

एक करपली नाही म्हणून आईचं वाक्य खोटं ठरवणारी ही मुलगी. तिनं सगळ्या सभेसमोर धडधडीत खोटं सांगितलं, माझी रोजंदारी जाऊ नये म्हणून.

मग ती बोलली. पुढच्या फळ्यावर लिहायला लागली, तिसऱ्या-चौथ्या ओळीला अडखळली, पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. शेवटी तिनं हातातल्या बांगड्या काढल्या आणि चपलांचं-बांगड्यांचं सांगितलं. माणसं मनापासून हसली, मद्रासचे सरही हसले, टाळी वाजवली. पण ते झाल्यावर त्यांनी घड्याळाकडे पाहून एकच शब्द विचारला, आणि तो इंग्रजी शब्द मला पाच वर्षं ऐकून ठाऊक झाला होता. सिद्धता? तिनं बांगड्या परत हातात चढवल्या. वेळ संपला होता. ती जागा पुढे सुरतच्या एका मुलाला मिळाली.

संध्याकाळी आम्ही चालत घरी निघालो. मी तिला सेव-उसळ खायला घातली, एवढंच मला सुचलं. तिनं सगळी खाल्ली, वरून पाव मागितला. विश्वामित्री नदीच्या पुलावर आल्यावर तिनं न थांबता विचारलं, "किती वेळा पुसलास?"

"एकदाच," मी म्हणालो.

"हं," ती म्हणाली. पुढे त्या विषयावर ती काही बोलली नाही, आणि वर्षभरात आमचं लग्न झालं.

तिनं संसार चांगला केला. रडत-कुढत केला असता तर मला बरं वाटलं असतं. घरीच शिकवण्या घ्यायची, गल्लीतली पोरं, मग लांब छाणी गावाकडून सायकली मारत येणारी पोरं. गणितात नापास होणारं पोर तिच्या हाताखाली पास व्हायचंच. बाहेरच्या खोलीत तिनं एक लहान फळा लावला होता. मी संध्याकाळी कामावरून येऊन तिथंच चहा प्यायचो. एकदा, लग्नाला वीसेक वर्षं झाली असतील, एका मुलीनं हौसेनं तो फळा ओल्या फडक्यानं लख्ख पुसला. शैला भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बेटा, ओल्यानं नको पुसू. कोरडं पुसलं तर थोडं तरी दिसतं, ओल्यानं काहीच राहत नाही. विचार तुझ्या काकांना."

माझ्या हातात कप तसाच राहिला. तिनं मेथीची जुडी संपवली आणि दुसरी घेतली. म्हणजे त्या दुपारी पंजा टेकला आणि फळा ओला लागला तेव्हाच तिला समजलं होतं. दिवसा सवयीनं जाणारा हात कोरडा असतो, हे विभागात तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पुलावर तिनं विचारलं ते मी खरं बोलावं म्हणून विचारलं होतं. एक संधी दिली होती. मी ती घालवली, आणि तिनं तरी माझ्याशी लग्न केलं. का केलं? मला नियम सांगता येत नाही.

मी ते तेव्हाही विचारलं नाही. दवाखान्यात शेवटचे अकरा दिवस मी तिच्या उशाशी होतो, तिथंही विचारलं नाही. ती बोलू शकत होती, मीच पाणी देऊ का, उशी सरकवू का, एवढंच बोलत राहिलो. सवाष्ण गेली म्हणून बायकांनी तिला हिरवा चुडा भरला. एकजण म्हणाली, आधी कुठल्या हातात? दुसरी म्हणाली, कुठल्याही. मी तिथून उठून मोरीत गेलो.

आता चहाच्या वेळचं लिहितो. मी पुढचा फळा वर ढकलला आणि तिचं अक्षर समोर आलं. हातात डस्टर होतं. मी ते वरच्या कोपऱ्यापासून खालच्या ओळीपर्यंत फिरवलं. पण फळा पुसला गेला नाही, कोरडं पुसल्यावर जात नाही. सगळं फिकट, पण दिसत होतं. ओळन्‌ ओळ. तिथंच मी थांबलो असतो तर तिला बोट ठेवून वाचता आलं असतं, आणि मी "सवयीनं हात गेला" म्हणालो असतो तर ते जवळजवळ खरंही झालं असतं. मी डस्टर ठेवलं. खुंटीवरचं फडकं घेतलं. नळ व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला होता. मी सगळ्या चहा पिणाऱ्या माणसांमधून चालत गेलो, शैलाच्या शेजारून गेलो. ती मला बघून हसली आणि हळूच म्हणाली, "दिगू, भीती वाटते रे." मी म्हणालो, "काही होत नाही." नळ सोडला, फडकं भिजवलं, रमणकाकांनी शिकवलं होतं तसं पिळलं, म्हणजे ओघळ पडणार नाहीत. आणि तिच्याच शेजारून परत आत आलो.

दोनदा पुसला, शैला. एकदा नाही.